नव्व्याण्णवांपाशी कोण

शांतवनराव लोंढ्यांनी अकरा वर्षांत थिएटरचं तोंड पाहिलं नव्हतं. पाळकानं सिनेमा पाहू नये असं शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही. पण एकदा मंडळीतल्या बनुबाईनं त्यांना साताऱ्यात थिएटरच्या दारात पाहिलं आणि पुढं सहा महिने दर रविवारी उपासना सुटली की चपला घालता घालता विचारलं, "पाळकसाहेब, कसा होता हो?" त्या विचारण्याची त्यांनी धास्तीच घेतली. असा माणूस फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, भर दुपारी, उन्हात मफलर गुंडाळून तिकिटाच्या रांगेत उभा राहिला, तो लेकीपायी.

लेक म्हणजे सोनिया. वय चोवीस. सांगलीजवळ माधवनगरला खोली घेऊन राहत होती, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करत होती आणि बापाचा फोन उचलत नव्हती. भांडण म्हणावं तर एकही झालेलं नव्हतं. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. फोन वाजून वाजून थांबायचा आणि दुसऱ्या दिवशी मेसेज यायचा, 'कामात होते.' चार वर्षं ती कामातच होती. शांतवनरावांना तिच्या आयुष्यात डोकवायला एकच फट उरली होती, ती म्हणजे व्हॉट्सअॅपवरचं तिचं स्टेटस. सकाळची प्रार्थना झाली की ते चष्मा पुसायचे आणि पोरीनं काय लावलंय ते बघायचे. कधी चहाचा कप, कधी कृष्णेचा घाट, कधी नुसतंच 'सोमवार'. त्यावर ते दिवस काढायचे.

त्या सोमवारी तिनं एका सिनेमाचं चित्र लावलं होतं. सिनेमाचं नाव 'वाळूखालचं शहर'. मूळचा इंग्रजी, पण हिंदी बोलणारा. शाळेतल्या पोरांपासून वडापच्या जीपच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तोच होता. चित्राखाली सोनियानं लिहिलं होतं, 'तिसऱ्यांदा पाहिला. तिसऱ्यांदा रडले.'

शांतवनराव ते वाचून खुर्चीत बसले. आईला मातीत ठेवताना जी पोरगी रडली नाही ती सिनेमा पाहून तीनदा रडली. मग त्या सिनेमात काहीतरी असलंच पाहिजे. आणि काहीतरी म्हणजे काय, हे पाळकाला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती.

थिएटरच्या अंधारात त्यांनी वही उघडली आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यांना घबाड लागलं. एक कॅप्टन एक्केचाळीस माणसं घेऊन वाळवंटात निघालेला. वाळूखाली गाडलेल्या शहरात गोड्या पाण्याचा झरा आहे म्हणे. म्हणजे बायबलातला वचनदत्त देश! शांतवनरावांनी लिहिलं, 'एक.' कॅप्टन काठी मारतो आणि खडकातून पाणी गळतं. 'दोन.' शेवटची भाकरी तो मोडून सगळ्यांत वाटतो. 'तीन.' त्यातलाच एकजण नकाशा चोरून पळून जातो. 'चार.' पुढं तर कमालच झाली. तो चोर वाळूतल्या जुन्या विहिरीत पडला आणि कॅप्टन चाळीसच्या चाळीस माणसांना तळावर तसंच सोडून त्या एकट्याच्या मागं गेला. दोन दिवस चालला, विहिरीत उतरला, त्याला खांद्यावर घालून वर घेऊन आला. शांतवनराव खुर्चीत पुढं सरकले. हरवलेलं मेंढरू! नव्व्याण्णवांना रानात सोडून एकाच्या शोधात गेलेला मेंढपाळ! हा दाखला त्यांनी तीस वर्षांत किती वेळा सांगितला असेल त्याला गणती नव्हती, आणि इथं तो थिएटरातल्या शंभर माणसांपुढं पडद्यावर चालत होता, मागची पोरं शिट्ट्या मारत होती. त्यांनी वहीत मान घातली आणि दोन पानं भरून काढली. मान वर केली तेव्हा कॅप्टन तळावर पोचला होता, गाणं वाजत होतं आणि शेजारची बाई पदरानं डोळे पुसत होती.

एकूण अकरा मुद्दे निघाले. घरी येताना एसटीत त्यांनी ते तीनदा वाचले. आपली सोनिया रडली ती इथं, हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की वाईटसुद्धा वाटलं. पोरीला आतून ओढ आहे. फक्त तिला त्या ओढीचं नाव ठाऊक नाही.

आता चार वर्षांपूर्वीचं सांगायला हवं, कारण शांतवनराव ते कुणाला सांगत नसत. त्यांची बायको मार्था सांगलीच्या दवाखान्यात होती. पोटाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टर म्हणाले ठीक आहे, परवा घरी न्या. त्याच दिवशी दुपारी कऱ्हाडजवळच्या मलकापूरहून एक फोन आला, की तुमचा नाथाजी इथं हायवेच्या कडेला पडलाय. नाथाजी म्हणजे चर्चमध्ये पेटी वाजवणारा. बोटं देवानं दिलेली आणि घसा बाटलीला वाहिलेला. तो पंधरा दिवसांपासून बेपत्ता होता. शांतवनराव उठले. सोनियाला म्हणाले, "संध्याकाळपर्यंत येतो. मम्मीपाशी बस." मार्थानं मान हलवली. ती कधीच नाही म्हणायची नाही.

नाथाजी मलकापुरात नव्हता. कऱ्हाडच्या स्टँडवरही नव्हता. कुणी म्हणालं पुलाखाली, कुणी म्हणालं गुऱ्हाळावर. शांतवनराव ती दुपार आणि सारी रात्र हिंडले, मोबाईल कधीच बंद पडला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो उसाच्या बांधावर सापडला. त्याला अंघोळ घातली, चहा पाजला, खांद्याला धरून एसटीत बसवलं. दवाखान्यात पोचले तेव्हा मार्थाला जाऊन सहा तास झाले होते. कागदांवर सह्या वीस वर्षांच्या सोनियानं केल्या होत्या. ती बाकावर बसली होती, मांडीवर आईच्या बांगड्या रुमालात बांधलेल्या. तिनं बापाकडं पाहिलं, मग बापाच्या खांद्याला टेकलेल्या नाथाजीकडं पाहिलं.

मंडळीनं त्या वेळी शांतवनरावांची फार वाखाणणी केली. खरा पाळक, म्हणाले. नाथाजी एक वर्ष आठ महिने शुद्धीत राहिला, ख्रिसमसला त्यानं पेटी अशी वाजवली की बनुबाईसुद्धा गप्प बसली. मग एक दिवस तो गेला तो गेलाच. या खेपेला शांतवनराव शोधायला गेले नाहीत. गुडघे दुखतात, असं त्यांनी सांगितलं.

सिनेमा मोबाईलवर यायला एप्रिल उजाडला. शांतवनरावांनी शाळेतून प्रोजेक्टर मागून आणला, चर्चच्या खिडक्यांना चादरी लावायचं ठरवलं आणि सोनियाला मेसेज लिहिला. तो लिहायला त्यांना पाऊण तास लागला. 'रविवारी दुपारी चर्चमध्ये वाळूखालचं शहर दाखवणार आहोत. नंतर मी त्यावर बोलणार आहे. तू आलीस तर बरं वाटेल.' शेवटचं वाक्य दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी एकच शब्द आला, 'येते.'

त्या एका शब्दावर साठीचा माणूस काय काय करतो! बनुबाईकडून शंकरपाळ्या करून घेतल्या. मार्था बसायची तो दुसऱ्या रांगेतला बाक ओल्या फडक्यानं पुसला, वाळल्यावर पुन्हा पुसला. नवीन खिळा मारून भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. उपदेश आरशासमोर म्हणून पाहिला. आणि उपदेशाच्या शेवटाला त्यांना एक कल्पना सुचली, तिच्यावर ते स्वतःच खूश झाले.

कोरेगावपासून सहा किलोमीटरवरचं ते चर्च, त्याच्या मागं मिशनची तीन एकरांची पट्टी. दर एप्रिलला धुळा तिथं मेंढरं बसवायचा. माणदेशातला माणूस, पोटापाठीमागं मेंढरं घेऊन हिंडायचा, पावसाच्या तोंडावर गावी परतायचा. परतीच्या वाटेवर रिकाम्या रानात त्याची मेंढरं आठ-दहा रात्री बसली की लेंड्यांचं खत होतं, आणि त्याबद्दल त्याला दोन पायली ज्वारी आणि टाकीचं पाणी मिळायचं. वीस वर्षांची ही रीत. धुळा देवाला भंडारा वाहणारा, शांतवनराव येशूला शरण गेलेले. पण पाणी एका टाकीचं आणि तंबाखू एका चंचीतली. पाळकानं तंबाखू खाऊ नये असंही बनुबाईचं मत होतं. तर उपदेशाच्या शेवटी या खऱ्याखुऱ्या मेंढपाळालाच सगळ्यांसमोर विचारायचं, की बाबा, तुझं एक मेंढरू हरवलं तर तू काय करशील? तो म्हणणार, जाईन की शोधायला. बस्स. त्यापुढं आपण बोलायची गरजच नाही.

तीस वर्षं त्यांनी तो दाखला सांगितला, त्यातली वीस वर्षं खिडकीबाहेर मेंढरं ओरडत होती. पण हा प्रश्न त्यांनी धुळाला आधी एकदाही विचारला नव्हता. आताही नाही विचारला.

रविवारी सोनिया आली. फाट्यावर एसटीतून उतरून, डोक्यावर ओढणी घेऊन, पाठीला सॅक. वाळली होती. शांतवनरावांनी हात पुढं केला, मग डोक्यावर ठेवावा की खांद्यावर या घोटाळ्यात तो हवेतच राहिला.

"सलाम, पप्पा."

"सलाम. जेवलीस?"

"कऱ्हाडला खाल्लं."

एवढंच झालं. पण ती दुसऱ्या रांगेत, पुसलेल्या बाकावर जाऊन बसली, आणि बसताना तिनं बाकाच्या लाकडावरून एकदा हात फिरवला. ते शांतवनरावांनी पाहिलं. चार वर्षांत त्यांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मंडळी सतरा होती. दरवेळी अकरा असतात. सहा सिनेमाची वाढली. धुळा दाराच्या आत, जमिनीवर, पटका मांडीवर ठेवून बसला. त्याची बायको रंगुबाई मेंढरांपाशी होती. रान सोडून फाट्यावरच्या लिंबाखाली तिनं ती सावलीला उभी केली होती. सिनेमा सुरू झाला. चादरी वाऱ्यानं सुटायच्या, पडद्यावर ऊन यायचं, शांतवनराव खुर्चीवर चढून त्या खोचायचे. चहाचं पाहायचं होतं, कप कमी पडत होते. शेवटची दहा मिनिटं तर ते मागच्या खोलीत स्टोव्हला पिन मारत होते. बाहेर आले तेव्हा गाणं वाजत होतं आणि सोनियाचे डोळे भरलेले होते. त्यांनी मनोमन देवाचे आभार मानले.

मग ते बोलायला उभे राहिले. छान बोलले, यात वाद नाही. वचनदत्त देश झाला, खडकातलं पाणी झालं, मोडलेली भाकरी झाली. माणसं माना डोलवत होती. बनुबाई म्हणाली, "अगंबाई, खरंच की!" चोर झाला, विहीर झाली. शांतवनरावांचा आवाज चढला.

"चाळीस जण सुखरूप होते. पण त्याचं मन त्यांच्यात नव्हतं. त्याचं मन त्या एकापाशी होतं! म्हणून तो गेला. जग त्याला वेडा म्हणेल. पण प्रीती अशीच वेडी असते. आज आपल्यात एक खरा मेंढपाळ बसलाय. धुळा, उठ रं गड्या, उभा राहा. शंभर मेंढरं हायत तुझी?"

"एकशे सात हायती, सायेब."

"त्यातलं एक डोंगरात चुकलं. तू काय करशील? सांग सगळ्यांना."

धुळा उभा राहिला. एवढी माणसं आपल्याकडं बघतात म्हटल्यावर तो जरा लाजला. मग त्यानं विचार केला. कामाची गोष्ट विचारली होती, तिचं उत्तर नीट द्यायला हवं.

"मागं कोन हाय, त्येच्यावर हाय ते."

"म्हणजे?"

"म्हंजी मागं रंगू आसली, तर जातो. मागं कुनी न्हाई, तर न्हाई जात. कोन जाईल वो? एक चुकलं म्हनून बाकीची उघड्यावर टाकून? लांडगा काय एकाचीच वाट बगत बसतो व्हय?"

दोघंतिघं हसले. शांतवनरावही हसले, पण वही त्यांनी घट्ट धरली. "अरे, पण जीव तुटत असंल की त्या एकासाठी?"

"तुटतो की. म्हनून तर हाक मारतो. जाग्यावरनंच. आमची ज्येची त्येची हाक आसती सायेब, मेंढराला बराबर ठावं आसतं. चार-दोन हाका मारायच्या. जित्तं आसल, कानावर पडली, तर येतंय. हाक माराय काय जातंय? एकडाव मी गेलतो तसा. नवा हुतो. मागं कुनी न्हवतं. एक घावलं, आन् म्हागारी येऊन बगतो तर सात फाडल्याली. तवापास्नं न्हाई."

चर्चमध्ये आता कुणी हसत नव्हतं. मंडळीतल्या प्रत्येकाला ती सांगलीची गोष्ट ठाऊक होती. शांतवनरावांना वाटलं, आता याला बसवावं. ते म्हणाले, "बरं बरं. पण सिनेमातल्या कॅप्टनाचं बघ. त्याची मागची चाळीस माणसं सुखरूप राहिलीच की नाही?"

धुळाला सिनेमा मनापासून आवडला होता. त्यानं तो डोळ्यांत तेल घालून पाहिला होता.

"ऱ्हायली की. पर त्या पोरीचं काय?"

"कुठली पोरगी?" शांतवनरावांनी विचारलं.

ते अगदी खरं विचारत होते. त्यांना ठाऊकच नव्हती. त्यांनी वही चाळली, सहावं पान, सातवं पान. कुठंच पोरगी नव्हती. त्यांनी वर पाहिलं तेव्हा सतराच्या सतरा माणसं खाली बघत होती.

"आसं काय करता, सायेब," धुळा समजावणीनं म्हणाला. "त्येची लेक न्हवती का, तळावर? बाप ग्येला त्या वाटंकडं तोंड करून दोन दिस बसल्याली? पानी घिना, जेवना. शेवटाला त्यो आला, पाठीवरचं मानूस खाली टाकलं, आन् तिच्या म्होरं गुडघ्यावर बसून काय म्हनला ते? 'चुकलो,' म्हनला न्हवं? 'तुला सोडून जायाचं न्हवतं,' म्हनला. तवा तर ती पोरगी रडती. मलाबी भरून आलं गड्या."

बनुबाईनं पदर तोंडाला लावला. शांतवनरावांना थिएटरातला अंधार आठवला, वहीत घातलेली मान आठवली, डोळे पुसणारी शेजारीण आठवली. आणि स्टोव्हची पिन. दोन्ही खेपांना ते तिथंच होते आणि दोन्ही खेपांना त्यांनी ते पाहिलं नव्हतं.

सोनिया उठली. तिनं सॅक पाठीला लावली, ओढणी नीट केली. रागानं नाही, एखादी बाई काम उरकून उठते तशी उठली. बापाच्या जवळून जाताना ती थांबली. तिचा चेहरा असा काही उघडा पडला होता की ती पुन्हा वीस वर्षांची दिसायला लागली.

"मला वाटलं होतं, त्याच्यावरच बोलणार असाल," ती म्हणाली. "म्हणून आले होते."

आणि ती दारातून गेली.

शांतवनराव तिच्या मागं दारापर्यंत गेले. ती बांधाच्या वाटेनं फाट्याकडं चालली होती, फार भरभर नाही. एवढ्या अंतरावरून हाक सहज पोचली असती. त्यांनी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि मागं वळून पाहिलं. सतरा माणसं. कपात ओतलेला, थंड होत चाललेला चहा. पडद्यावर थांबलेलं शेवटचं चित्र. दोन लहान पोरं, एक नुकतीच विधवा झालेली बाई, आणि बनुबाई, जी पंचाहत्तर वर्षांची होती आणि इतक्या वर्षांत प्रथमच घाबरलेली दिसत होती. सगळे त्यांच्याकडं बघत होते. आपण गेलो तर मागं यांच्यापाशी कुणी नव्हतं. पेटी वाजवणारासुद्धा नव्हता.

जन्मभर ते उठून गेले होते. कुणाचं लग्न मोडलं म्हणून, कुणी पिऊन पडलं म्हणून, कुणाला रात्री भीती वाटली म्हणून. प्रत्येक वेळी घरच्यांना मागं टाकून. आणि आता त्या अडाणी माणसानं, अगदी भल्या मनानं, भर सभेत त्यांना शिकवलं होतं की मागच्यांना उघड्यावर टाकून जायचं नसतं. चूक कळली होती. चूक कळल्यावर ती पुन्हा करायची नाही, एवढं तरी माणसानं करावं. शांतवनरावांनी उंबऱ्यावरचा पाय आत घेतला.

"आपण प्रार्थना करू या," ते म्हणाले.

प्रार्थना लांबली. त्यांनी सतरा जणांची नावं घेतली, एकेकाची. विधवा बाईचं नाव घेतलं, दोन्ही पोरांची घेतली. ज्याचा कुठं पत्ता नव्हता त्या नाथाजीचं घेतलं. सोनियाचं नाव घ्यायला गेले आणि पुन्हा बनुबाईचंच घेतलं. मग आमेन झालं, चहा झाला, शंकरपाळ्या वाटल्या. माणसं काहीबाही बोलली. कुणीतरी म्हणालं, येईल हो पुन्हा, पोरच आहे. शेवटचा माणूस गेला, दार लोटलं, आणि मग ते पळाले. साठीचा गुडघेदुख्या माणूस जेवढा पळेल तेवढे.

फाट्यावर कुणी नव्हतं. सिमेंटच्या बाकावर कुणी नव्हतं. लिंबाच्या सावलीत मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली माना घालून उभी होती आणि रंगुबाई दगडावर बसून चातीवर सूत कातत होती.

"रंगुबाई, माझी मुलगी इथून गेली का?"

"व्हय की. कऱ्हाडच्या गाडीनं ग्येली. आत्ताच म्हना की, घटकाभर झाली आसल."

"लगेच मिळाली का गाडी?"

रंगुबाईनं चाती थांबवली. "कशाची लगीच? दोन गाड्या सोडल्या तिनं. पयली आली, मी म्हनलं, जा की बाय, ऊन लय हाय. तर म्हनली, मागनं येनाऱ्या गाडीनं जाते. दुसरी आली, तवाबी उठंना. चर्चंकडं तोंड करून बसली हुती. म्या इचारलं, कुनाची वाट बगती का? म्हनली, न्हाई."

शांतवनराव बाकावर बसले. बाकाचं सिमेंट तापलेलं होतं.

"आन् मग एक इचारलं तिनं," रंगुबाई म्हणाली. "म्हनली, मावशी, तिकडनं कुनी हाक मारली तर हितवर ऐकू येती का? म्या म्हनलं, न येयाला काय झालं? आमचं मानूस रोज त्या दारातनंच मारतंय, मेंढरांना येती, मला येती, तुला न्हाई व्हय येनार?"

"मग?"

"मग काय न्हाई. ऊठ-बस केली जरा. मग तिसरी गाडी आली, बसली."

शांतवनराव उठले. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. कऱ्हाडकडं जाणारा डांबरी रस्ता दूरवर वळणापर्यंत मोकळा पडला होता. त्यांनी दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि पोटातून जेवढा आवाज निघेल तेवढा काढून हाक मारली, "सोनिया!" आणि पुन्हा, "सोने, ए सोने!" तिसऱ्यांदा घसा फाटला. मेंढरांनी मान वर केली नाही. ती त्यांची हाक नव्हती.

रंगुबाई दचकून उठली होती. तिनं चाती कमरेला खोचली आणि त्यांच्याजवळ आली. त्यांच्या दंडाला धरून तिनं त्यांना हळूच रस्त्याच्या कडेला घेतलं.

"आता कुनाला हाक मारताय, सायेब," ती म्हणाली. "गाडी रहिमतपूर वलांडून ग्येली आसल की."